बनशंकरीचा पत्ता : कर्नाटकातील मराठी वर्ग आणि शिकवण्याची यंत्रे

कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळेत अलीकडच्या काळात शिकलेल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात बेंगळूरुच्या एका उपनगराचा पत्ता असतो. पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर तो छापलेला असतो : कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ, शंभर फुटी रिंग रोड, बनशंकरी तिसरा टप्पा, बेंगळूरु. मुले ते पान उलटून थेट पहिल्या धड्याकडे वळतात, आणि पालकांनाही तेथे थांबण्याचे काही कारण नसते. बनशंकरी हे नाव मात्र मराठी घरांना परके नाही. बदामीजवळची बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी, ही कित्येक मराठी कुटुंबांची कुलदेवता असून पौषातील तिच्या यात्रेला कृष्णेच्या दोन्ही तीरांवरून माणसे जातात. बेंगळूरुच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यावर याच देवीचे मंदिर आहे. तेथे राहुकाळात पूजा होते आणि लिंबाच्या सालीत दिवे लावले जातात. त्या मंदिरावरूनच उपनगराला हे नाव मिळाले.

याच तिसऱ्या टप्प्यात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण विभागाचे, म्हणजे डीएसईआरटीचे, कार्यालय आहे. काय शिकवावे, कसे शिकवावे, शिक्षकांना कोणते प्रशिक्षण द्यावे, रेडिओ, दूरदर्शन आणि संगणक यांचा वर्गात कसा उपयोग करावा, याचा विचार या विभागात होतो. पाठ्यपुस्तक संघ कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू, मराठी, तमिळ आणि तेलुगू अशा सात माध्यमांची पुस्तके काढतो. शिकवण्याच्या नव्या साधनांना मात्र हा सात भाषांचा नियम कधीच लागू झाला नाही. मराठी वर्गातील तंत्रज्ञानाचा इतिहास पाहावयाचा तर कोणते यंत्र कोणत्या साली आले, एवढे नोंदवून भागत नाही. ते यंत्र वर्गात आल्यावर कोणत्या भाषेत बोलले, हे पाहावे लागते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने बेळगाव, कारवार आणि विजापूर हे मुंबई राज्यातील, तर गुलबर्गा आणि बिदर हे हैदराबाद राज्यातील प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. हे कलम लिहिले गेले तेव्हा वर्गातील साधने म्हणजे फळा, खडू, पाटी, नकाशा आणि पुस्तक. यांपैकी भाषा असलेली साधने दोनच, नकाशा आणि पुस्तक, आणि दोन्ही मराठीत छापता येत होती. पाटीला तर भाषाच नसते. मूल जे लिहील ती तिची भाषा. त्यामुळे मातृभाषेतील शिक्षण म्हणजे मराठी शिक्षक आणि मराठी पुस्तक असे समीकरण रूढ झाले, व त्या काळी ते पुरेसेही होते.

पहिली भर रेडिओने घातली. धारवाड आकाशवाणी १९५० पासून कन्नड बोलत होती. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाले आणि निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात काटा थोडा फिरवला की मराठी ऐकू येऊ लागले. मध्यम लहरींना राज्याची हद्द कळत नसल्याने ही सोय कोणी योजना न आखताच झाली.

योजना म्हणून जे आले ते आकाशातून. १९७५ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. डीएसईआरटीची स्थापना त्याच वर्षी झाली, आणि त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताच्या उपयोगाला दिला होता. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले गेले. कर्नाटकातून त्यासाठी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे निवडले होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची तबकडी अंगणात उभी राहिली, आणि ज्या गावात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोहोचत असे तेथे उपग्रहावरून चित्र दिसू लागले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी अशी वेळ होती. सकाळचा दीड तास चार भाषांत वाटलेला होता : हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया. प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

या चार भाषांत मराठी नव्हती, कारण निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गंमत अशी की मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम तयार झाले ते इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत. गुलबर्गा आणि विजापूर या जिल्ह्यांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मुंबईत तयार झालेला विज्ञानाचा पाठ उपग्रहावर जाऊन तेथील खेड्यात उतरत होता, आणि वाटेत कोठेही मराठी होत नव्हता.

यात तांत्रिक अडचण होती असे मात्र म्हणता येत नाही. एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवण्याची सोय त्या प्रक्षेपणात होती. पडद्यावर तेच दृश्य, पण एका गावात एक भाषा आणि दुसऱ्या गावात दुसरी, हे १९७५ साली शक्य झालेले होते. पुढील पन्नास वर्षांत वर्गात आलेली बहुतेक साधने याहून कितीतरी प्रगत होती, परंतु एका चित्राला दोन आवाज असावेत हा साधा विचार त्यांतील फारच थोड्यांनी पुढे नेला. प्रयोगाचे मूल्यमापन झाले तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. दूरदर्शनमुळे शाळेतील हजेरी वाढेल, गळती थांबेल, ही अपेक्षा फारशी फळली नाही. मुलांच्या भाषिक विकासात मात्र लाभ दिसला. म्हणजे यंत्राने जे दिले ते प्रामुख्याने भाषेच्या वाटेने दिले. ज्याची भाषा त्या यंत्रात नव्हती त्याच्या पदरात काय पडले असेल, याचा अंदाज या निष्कर्षावरून करता येतो.

याच प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यासाठी बारा-बारा दिवसांची सत्रे होती. केवळ पडदा पाहून नव्हे, तर रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करावयाचे प्रयोग यांची जोड देऊन ती घेतली गेली. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली आणि उपग्रह अमेरिकेकडे परत गेला.

त्यानंतरचा दोन दशकांचा काळ फार सांगण्यासारखा नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रेडिओ आणि रंगीत दूरदर्शन संच मिळू लागले, १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. त्यांतील पुष्कळ संच मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात सुरक्षित राहिले. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी सुरू झाली व मराठी मुलांसाठी शैक्षणिक चित्रफितींचे मोठे भांडार तयार झाले; ही संस्था २०१७ साली बंद करण्यात आली. तिचे कार्यक्रम महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाला धरून असत. मराठी मुले कर्नाटकातही शिकतात, त्यांना याच चित्रफिती थोड्या फेरफाराने चालतील, हा विचार दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत कोणाच्या टेबलावर आला असेल तर तो तेथेच राहिला.

२००१ साली कर्नाटक शासनाने ‘माहिती सिंधू’ योजना आणली आणि १,००० शासकीय माध्यमिक शाळांत संगणक शिक्षण सुरू केले. बेंगळूरु ही माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली होती. त्याच राज्यातील खेड्यातल्या मुलाने संगणक पाहिलेला नसावा हे शोभणारे नव्हते. योजना शासकीय शाळांसाठी होती आणि सीमाभागातील अनेक मराठी माध्यमिक शाळा संस्थांनी चालवलेल्या, त्यामुळे तेथे संगणक आला तो बहुधा देणगीतून, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. तो इंग्रजी बोलत आला. संगणकाशी मराठीत बोलावयाचे तर लिहावे लागते आणि लिहिण्यासाठी कळफलक लागतो. येथे एक चांगली संधी हुकली, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

भारतीय भाषांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळफलक-रचना १९८० च्या दशकात तयार झाली व १९९१ साली राष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. ब्राह्मी लिपीतून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, या जाणिवेवर ती उभी आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. देवनागरीतील ‘क’ ज्या कळीवर, कन्नडमधील ‘क’ त्याच कळीवर. ज्या मुलाची बोटे देवनागरीवर बसली त्याला कन्नड टंकलेखन वेगळे शिकावेच लागत नाही. लिपी बदलली की तीच बोटे कन्नड लिहितात. मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा शिकणाऱ्या कर्नाटकातील मराठी मुलासाठीच जणू ही रचना आखली होती. कर्नाटकाने मात्र कन्नडसाठी के. पी. राव यांची रचना स्वीकारली. ‘नुडी’ या शासनमान्य प्रणालीत तीच आहे. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवर ती बेतलेली असल्याने इंग्रजी कळफलक जाणणाऱ्याला ती फार लवकर येते, आणि कन्नडच्या संगणकीय प्रसाराला तिने केलेली मदत मोठी आहे. पण त्यामुळे ‘र’ हे अक्षर नुडीत इंग्रजी ‘आर’च्या कळीवर आणि इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळीवर, अशी फारकत झाली. मराठीत तर त्याहून गोंधळ होता. प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट वेगळा, एका फॉन्टमध्ये लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड रूळेपर्यंत मराठी शाळेतील शिक्षक प्रश्नपत्रिका हातानेच लिहीत राहिले, यात त्यांच्या आळसाचा भाग फार थोडा होता.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला हा भारताचा पहिला उपग्रह, आणि त्याच्या पहिल्या शालेय प्रयोगांपैकी एक कर्नाटकात झाला. चामराजनगर जिल्ह्यातील साडेआठशेहून अधिक प्राथमिक शाळांत संच आणि तबकड्या बसल्या. पाठ तयार करण्याचे काम डीएसईआरटीचे होते. त्या पाठांना अभ्यासक्रमातील घटकांचा आधार होता आणि वर्गाच्या वेळापत्रकात त्यांना जागा होती. त्याच सुमारास रेडिओवरून ‘केळि-कलि’ हा उपक्रम चालू होता. त्याच्या नावाचा अर्थ ‘ऐका, शिका’. त्यात निवेदक प्रश्न विचारून मुलांच्या उत्तरासाठी थांबतो. चाळीस मुले एकसुरात उत्तर देतात आणि मग आवाज पुढे बोलू लागतो. यंत्राने मुलाची वाट पाहावी, ही कल्पना उपग्रहाहून कमी महत्त्वाची नाही.

हे पाठ कन्नडमध्ये होते, आणि चामराजनगरच्या कन्नड शाळांसाठी ते तसेच असावयास हवे होते. प्रश्न येतो तो असे साहित्य राज्यभर जाऊ लागल्यावर. कन्नड पाठासमोर बसलेले मराठी मूल कन्नड जाणत नाही असे नाही; सीमाभागातील मूल बाजारात, बसमध्ये, शेजारी ती भाषा ऐकतच वाढते. अडते ते शास्त्रीय परिभाषेत, आणि तेही अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांपाशी अधिक. कन्नड गणितात वर्तुळाला ‘वृत्त’ म्हणतात. मराठी मुलाला वृत्त म्हणजे बातमी किंवा कवितेचा छंद. क्षेत्रफळाला कन्नडमध्ये ‘विस्तीर्ण’ म्हणतात. मराठीत विस्तीर्ण म्हणजे अफाट, आणि दोन चौरस सेंटिमीटरचे विस्तीर्ण काढावयाचे म्हटल्यावर मुलाने चक्रावावे हे स्वाभाविक आहे. त्रिकोण तेथे ‘त्रिभुज’ होतो. ऑक्सिजन ‘आम्लजनक’, हायड्रोजन ‘जलजनक’. आम्ल दोन्हीकडे आम्लच, पण आपली आम्लारी कन्नडमध्ये ‘प्रत्याम्ल’ असते, आणि प्रकाशसंश्लेषण ‘द्युतिसंश्लेषण’. कार्बनला कन्नड शब्द आहे ‘इंगाल’. घरात आजीने चुलीतला इंगळ दाखवलेला असेल तर हा शब्द मराठी मुलाला इंग्रजी कार्बनपेक्षा लवकर कळावा. पण हे नाते पडद्यावरचा निवेदक सांगणार नाही. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक वर्गात उभा असेल तरच ते उलगडते.

यंत्र पुढे बोलत असताना मागे उभे राहून शिक्षकाने त्याचा अनुवाद करावा, ही मराठी वर्गातील तंत्रज्ञानाची खरी कार्यपद्धती राहिली. तिची नोंद कोणत्याही योजनेच्या अहवालात नसते, कारण अहवालात संच किती बसले याचे रकाने असतात. या कामाचे वेगळे प्रशिक्षण नाही आणि त्यासाठी तासिकेत वेगळा वेळही नाही.

एज्युसॅट सप्टेंबर २०१० मध्ये निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी कर्नाटकात एक वेगळी दिशा दिसली. डीएसईआरटी, माध्यमिक शिक्षा अभियान आणि बेंगळूरुची ‘आयटी फॉर चेंज’ ही स्वयंसेवी संस्था यांनी विषयशिक्षकांचे मंच सुरू केले. गणित, विज्ञान आणि समाजविज्ञानाच्या शिक्षकांनी संगणक शिकावा, मुक्त आज्ञावली वापरावी, एकमेकांशी चर्चा करावी आणि शिकवण्याचे साहित्य स्वतःच लिहावे, असा त्यामागे विचार होता. त्यातून २०१३ साली ‘केओईआर’ हे मुक्त शैक्षणिक साहित्याचे संकेतस्थळ उभे राहिले. विकिपीडियाच्या धर्तीवर ते चालते. कोणाही शिक्षकाने पान लिहावे, दुसऱ्याने सुधारावे. आधीच्या सर्व योजनांत शिक्षक हा साहित्य स्वीकारणारा होता, येथे तो लेखक झाला. साहित्य कन्नड आणि इंग्रजीत जमत गेले. मराठी पानांसाठी या वेळी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. लिहिणारे हात हवे होते. मराठी शिक्षणसंस्थांनी या दाराकडे पुरेसे लक्ष दिले नाही. सगळा दोष बेंगळूरुच्या माथी मारण्याची सवय असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एरवी दोन दशकांत हळूहळू दिसणारी गोष्ट काही आठवड्यांत उघड झाली. जुलैमध्ये कर्नाटकाने आठवी ते दहावीसाठी दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरून ‘संवेद’ पाठ सुरू केले. चंदना ही कन्नड वाहिनी असल्याने ते मुख्यतः कन्नडमध्ये होते. त्याच महिन्यात महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. सीमाभागातील मराठी मुलाला घरच्या संचावर दोन्ही वाहिन्या दिसू शकत होत्या. एकीवर त्याचा अभ्यासक्रम होता, पण त्याची भाषा नव्हती. दुसरीवर भाषा होती, पण पुस्तक दुसऱ्या राज्याचे. दहावीच्या मुलाला तर दुसरी वाटही नव्हती, आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका त्याला मराठीत सोडवावयाची होती.

ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ आले. शाळेत मुले येऊ शकत नाहीत तर शिक्षकांनी मुलांकडे जावे, देवळाच्या आवारात, समाजमंदिरात, झाडाखाली लहान गट करून शिकवावे, अशी ही योजना होती. मोबाइल असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली मुले असे गट पाडून त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे होते. साथीच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली व पुढे जानेवारीत पुन्हा सुरू झाली. त्या वर्षातील सर्व उपायांत तंत्रज्ञान सर्वांत कमी लागले ते या योजनेला, आणि मराठी मुलाला त्याच्या भाषेत धडा पोहोचवण्याची क्षमता तिच्यातच होती, कारण तिच्यात पडदा नव्हता. शिक्षक समोर बसलेला होता.

आता पाठ्यपुस्तके बनशंकरीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जूनमध्ये पुस्तकांचा गठ्ठा उशिरा आला तरी धडा अडत नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केले आणि धड्याच्या कडेला चौकोनी संकेतचिन्हे छापली जाऊ लागली. २०२२ साली ‘भाषिणी’ आले. भारतीय भाषांतील यांत्रिक अनुवादाचे हे शासकीय व्यासपीठ आहे, आणि एका चित्राला कितीही आवाज जोडण्याची शक्यता त्यामुळे पुन्हा समोर आली आहे. ‘विस्तीर्ण’ या शब्दाचे हे यंत्र काय करते ते पाहणे गणिताच्या शिक्षकांना उद्‌बोधक ठरेल.

पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर, त्या पत्त्याच्या जवळपासच, बारीक अक्षरांत अनुवादकांची नावे छापलेली असतात. मूळ मजकूर समोर ठेवून वर्तुळाला वर्तुळ आणि आम्लारीला आम्लारी म्हणावयाचे की आणखी काही, हे ही माणसे ठरवतात. त्या नावांत शिक्षक असतात. वर्गात यंत्रामागे उभे राहून जे काम तोंडी चालते, तेच येथे लेखी चाललेले असते.